धंदा सुरू केल्याची तारीख

जयवंती कुबल कागद आणते
ते बांगड्याच्या पिशवीतून.
आधार, घरपट्टीची पावती, दोन फोटो,
एका फोटोच्या पाठीला खवलं चिकटलेलं.
माझ्या ई-सेवा केंद्रातला पंखा
तो वास दिवसभर मलाच वाढत राहतो.

दुकानाचं नाव?
"नाव कित्याक व्हया? सगळी वळाकतत."
पण आचरा तिठ्यावरच्या लॉजवाल्याला आता पक्कं बिल हवंय,
त्याचे पाहुणे सोडे नि गोलमा घेऊन जातात गाडीच्या डिकीतून,
बिलाला नाव लागतं,
आणि नाव आलं की त्याच्या मागोमाग नंबर.
मी टाइप करतो: जयवंती सुकी मासळी.
ती पडद्याकडे बघते,
परक्याच्या मांडणीत आपली ताटली दिसावी तशी.

कामगार किती?
"मी. नि सून, पोराक झोप लागली तर."
जरा थांबून, "नि ऊन धर.
ता फुकट राबता, चार म्हयने सुटी घेता."
ऊन धरूनही दहाच्या आतच.
म्हणजे नोंदणी नाही लागत, तिला सांगतो,
कामगार खात्याला नुसती सूचना द्यायची, पावती येते.
इथे ती पहिल्यांदा हसली.
"म्हणजे सरकाराक सांगूचा. इचारूचा नाय?"
अन्न नोंदणीला मात्र विचारायचं.
त्याचे वर्षाला शंभर.

साप्ताहिक सुट्टी?
"सोमवारी कोण खाता म्हावरा?"
सोमवार.

धंदा सुरू केल्याची तारीख.
आता ती गप्प.
बाहेर एसटी लागते, माणसं उतरतात, एसटी जाते.
मग सांगते, बंदरावरचा दिवा बंद पडलेला त्या वर्षी,
होड्या परतल्या त्या अंदाजाने,
मासळी इतकी की लिलाववाला उठून गेला,
आणि सासू म्हणाली, फेकू नको, मीठ लाव.
बस्स. तेवढंच.
रकान्याला हवा दिवस, महिना, साल.
आमच्या गावात निम्मी माणसं एक जूनला जन्मली,
शाळेत घालताना हेडमास्तरांनी तसं ठरवलं म्हणून.
मीही सवयीने एक जून टाकतो.
"शिरा पडो," ती म्हणते, "जूनात काय सुकता?"
मी खोडतो. एक ऑक्टोबर.
"चलात."

मग ओटीपी.
तो जातो तिच्या पोराच्या फोनवर,
पोर ट्रॉलरवर,
ट्रॉलर रेंजच्या पलीकडे.
दहा मिनिटं जगतो तो नंबर.
सोमवारी मेला, मंगळवारी दोनदा मेला.
अर्ज कोणी नाकारला नाही;
नाकारायलाही तिथे कोणी नव्हतं,
एक गोल फिरत होतं नुसतं.

गुरुवारी पहाटे पाचला मी शटर अर्धं उचललं.
ती आधीच पायरीवर, डोक्याला टॉवेल,
फोन कानाला नाही, समोर धरलेला, दिवा धरावा तसा.
खाडीच्या तोंडाशी होडी आली की रेंज येते,
हे तिला माझ्यापेक्षा ठाऊक.
फोन वाजला. आत इंजिन, वारा,
आणि त्यातून पोराचं ओरडणं.
मी बटण दाबलं.
तो तिकडून आकडे फेकत होता,
ही इकडे ते झेलत होती, मोठ्याने,
बंदरावर टोपलीची बोली चढवावी तशा आवाजात:
चार! चार! शून्य! सात!
एकही आकडा खाली उतरू न देता.
समोरच्या घरातला दिवा लागला.
कोणीतरी विचारलं, काय आसा गो आज?

प्रिंटरची निळी शाई संपलेली,
त्यामुळे सरकारी शिक्का जरा तांबूसच आला.
तिने कागद उलटा धरला, सुलटा धरला,
घडी न घालता पिशवीत सरकवला.
"ह्यो किती दिस चलतलो?"
वर्षभर, म्हटलं.
"म्हणजे सोड्यांइतकोच."

शंभराचे सुटे माझ्याकडे नव्हते.
ती थांबली नाही, होडी लागत होती.